पाऊस, भरती आणि मुद्देमाल : कोकणात नव्याने रुजू झालेल्या तपास अंमलदारांसाठी

प्रशिक्षणात दाखवतात ते घटनास्थळ बहुधा चार भिंतींतलं आणि कोरडं असतं. नेमणूक देवगडला, गुहागरला किंवा श्रीवर्धनला झाली की पहिली खबर येते ती जुलैच्या मध्यरात्री, धो धो पावसात, डांबरी रस्ता सोडून पाणंदीने खाली उतरावं लागणाऱ्या एखाद्या मांगरातली (शेतघरातली). नाहीतर पहाटे मच्छीमारांनी कळवलेली, 'पुळणीवर प्रेत लागलंय' अशी (पुळण म्हणजे किनाऱ्यावरची वाळू). दोन्ही ठिकाणी तुमच्या हाताशी किती वेळ आहे हे पाणी ठरवतं. वरून पाऊस, खालून भरती, आणि या दोन्हींतून काही वाचलंच तर पाकिटात शिरणारा दमटपणा. कोकणात पुराव्याचं सगळ्यात जास्त नुकसान आरोपी करत नाही, पाणी करतं. म्हणून इथे कामाचा क्रमही पाण्याकडे बघून लावावा लागतो. हे लिहिताना नवे उपनिरीक्षक, बीट अंमलदार, मुद्देमाल सांभाळणारे कारकून आणि न्यायवैद्यक शिकणारी मुलं डोळ्यांसमोर आहेत.

या कामाच्या मुळाशी असलेला विचार फ्रेंच तज्ज्ञ एडमंड लोकार यांचा. त्यांनी १९१० साली लिऑन शहरात पोलिसांसाठी प्रयोगशाळा सुरू केली. दोन गोष्टींचा एकमेकींना स्पर्श झाला की एकीचं काहीतरी दुसरीवर राहतं, हे त्यांचं म्हणणं. आरोपीला ते लागू आहे तसंच तुम्हालाही. तुमच्या बुटाची लाल माती, तुमचा केस, तुमची शिंक हेही त्या जागेवर जमा होतं.

निघण्याआधीचे फोन

घटनास्थळ जपायचं काम तिथे पोचल्यावर सुरू होत नाही, ठाण्यातून पहिला फोन करता तेव्हा सुरू होतं. खबर आली की पोलीस पाटलांना गाठा आणि नेमकं सांगा: कुणी काही धुवायचं नाही, झाडायचं नाही, सारवायचं नाही. गुरं सोडायची नाहीत. उघड्यावर डाग किंवा पावलाचा ठसा दिसत असेल तर त्यावर घमेलं उपडं घालायचं, ताडपत्री थेट डागावर टाकायची नाही. 'जरा जागा सांभाळा' एवढंच सांगितलं तर पाटील दारात उभे राहतात आणि मागच्या पडवीत पुसापुशी होऊन जाते.

यामागे लपवाछपवी असतेच असं नाही. घरात सांडलेलं रक्त बघत बसणं माणसांना सोसत नाही. 'रगात तसांच ठेवतत काय रे झिला?' असं एखाद्या आजीने विचारलं तर तिच्यावर डाफरू नका. 'आजी, कशाने पुसलंत? फडकं कुठे ठेवलंत? पाणी कुठे ओतलंत?' हे शांतपणे विचारा. ते फडकं, ती बादली, मोरीचं तोंड, परसात पाणी ओतलेली जागा, हे सगळं आता घटनास्थळच आहे.

दुसरा फोन फॉरेन्सिक पथकाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७६(३) मध्ये सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी येऊन पुरावे गोळा करायचे आणि त्याचं चित्रीकरण व्हायचं, अशी तरतूद आहे. पण पथक निघालं आणि वाटेत दरड कोसळली तर ते कधी पोचेल हे कुणी सांगू शकत नाही. तोवर तुमचं काम दोनच गोष्टींचं: जागा राखणं, आणि पाण्याने जाणार असेल तेवढंच आधी उचलणं. बाकी सगळं पथकासाठी तसंच ठेवा. उत्साहाच्या भरात पथक येण्याआधी सगळं 'गोळा करून ठेवणं' हे नव्या अंमलदाराकडून सर्रास होतं, आणि मग तज्ज्ञाला नुसती रिकामी खोली दिसते.

पिशवीत काय असावं: हातमोज्यांचं पुडकं (एक जोडी कधीच पुरत नाही), मास्क, डोक्याची टोपी, वेगवेगळ्या मापांची खाकी पाकिटं आणि कागदी पिशव्या, कोरे पांढरे कागद, निर्जंतुक कापसाच्या काड्या, ऊर्ध्वपातित पाण्याच्या छोट्या कुप्या, एकदा वापरून टाकायचे चिमटे, मोजपट्टी आणि फोटोसाठी छोटी स्केल, आकड्यांचे मार्कर, टेप, लाख, सील, डेंटल स्टोन (ठशाचा साचा घ्यायची पावडर), रुंद तोंडाच्या काचेच्या बाटल्या, ताडपत्री, दोरी, दोन टॉर्च. कोकणात यात एक गोष्ट मी आग्रहाने घालतो, ती म्हणजे घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा. कागदी पाकिटं दुचाकीवरून ठाण्यापर्यंत कोरडी पोचवायची तर दुसरा उपाय नाही. पाकीट कागदाचंच हवं, डबा फक्त प्रवासापुरता. ठाण्यात पोचल्याबरोबर झाकण उघडायचं.

पोचल्यावर आधी थांबा

जखमी माणूस असेल तर त्याचा जीव आधी, पुरावा नंतर. यात कधीही मागेपुढे पाहू नका. त्याला उचलताना कुठून गेलात आणि काय हललं, एवढं लक्षात ठेवून लिहून ठेवा.

नंतर दाराशी थांबून बघा. आरोपी ज्या वाटेने आला-गेला असण्याची शक्यता आहे ती सोडून स्वतःसाठी वेगळी वाट ठरवा आणि सगळ्यांना त्याच वाटेने आत-बाहेर करायला लावा. वाडीतली गर्दी पहिल्या दोरीपाशी थांबत नाही, म्हणून दोऱ्या दोन बांधा: एक प्रत्यक्ष जागेभोवती, दुसरी गडग्याबाहेर (दगडी कुंपणाबाहेर). आत कोण कधी आलं याची वही एका शिपायाकडे द्या. साहेब आले तरी त्यांचं नाव त्या वहीत यायला हवं.

कौलारू घर असेल तर पागोळीकडे मुद्दाम बघा. पागोळ्या पडतात त्या रेषेतला ठसा पाच मिनिटांत जातो, पण तिच्या आत, भिंतीला लागून राहणारी कोरडी पट्टी कितीही पाऊस असला तरी टिकते. खिडकीतून डोकावलेला, कडी सरकवायला थांबलेला माणूस याच पट्टीत उभा राहिलेला असतो. माणसं पावसापासून अंग चोरायला नेमकी तिथेच उभी राहतात, म्हणून पहिला शिपाई तिथे उभा करू नका.

आता क्रम ठरवा. उघड्यावरचे ठसे आणि डाग पहिले, पागोळीखालचे दुसरे, पडवीतले तिसरे, बंद खोलीतले शेवटी. पुस्तकात क्रम वेगळा दिलेला असू शकतो. पाऊस थांबलेला नसेल तर हाच लावा.

भरती

किनाऱ्यावरच्या घटनास्थळाला भिंती नसतात आणि ते दर सव्वासहा तासांनी बदलतं. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, आणि रोज भरती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोळीवाड्यात कुणालाही विचारा, तिथीची पाऊणपट करून वेळ सांगतील. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. दोन्ही पक्षांत मोजणी प्रतिपदेपासून. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी वर पुळणीच्या झाडांपर्यंत येतं, आणि अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी कमी चढतं. जागेवर निर्णय घ्यायला हा हिशेब फार कामाचा आहे. पंचनाम्यात मात्र वेळ लिहायची ती अधिकृत भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून.

भरती चढत असेल तर पाण्याच्या कडेपासून सुरुवात करून वर सरका. ओहोटी असेल तर तुमच्याकडे काही तास आहेत, तेव्हा आधी फोटो आणि मोजमाप नीट उरका. वाळलेल्या शेवाळाची, काटक्यांची जी रेघ पुळणीवर उमटलेली असते ती गेल्या भरतीची खूण. प्रेत किंवा वस्तू तिच्या वर आहे की खाली, याचा फोटो हवाच. रेघेच्या वर, कोरड्या वाळूत पडलेली वस्तू पाण्याने आणलेली नसून कुणीतरी ठेवलेली असू शकते. तपासाची दिशा बदलायला एवढी एक नोंद पुरते.

मोजमाप घेताना दोन स्थिर खुणा लागतात. वाळूत त्या मिळत नाहीत. होडी हलते, मासळी वाळवायचे बांबू हलतात. धक्क्याचा कोपरा, विजेचा खांब, देवळाची पायरी, कातळाचं टोक अशा दोन खुणा घ्या, दोन्हींपासूनचं अंतर लिहा, आणि सोबत मोबाईलवरून अक्षांश-रेखांश टिपा.

फोटो, व्हिडिओ, पंच

फोटो तीन टप्प्यांत: सगळी जागा, वस्तू आणि तिच्या आसपासचा भाग, मग जवळून. जवळचा फोटो स्केलशिवाय एक आणि स्केल ठेवून एक, कॅमेरा वस्तूच्या बरोबर काटकोनात. काहीही हलवण्याआधी. पावसात भिंगावर पाणी चढतं, तेव्हा प्रत्येक फोटोआधी भिंग पुसा आणि काढलेला फोटो मोठा करून तिथेच तपासा.

झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण आता याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे करावं लागतं. त्यात जप्त वस्तूंची यादी तयार होताना आणि पंच सह्या करतानाचं चित्रीकरणही येतं, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. यासाठी ई-साक्ष्य ॲप आहे. खाली खोऱ्यातल्या वाडीत रेंज नसते, म्हणून ॲप उघडणं, लॉगिन करणं वगैरे वरच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) असतानाच उरकून घ्या.

पंचांबद्दल एक सांगतो. कोकणात एक वाडी म्हणजे पुष्कळदा एकच भावकी. त्याच वाडीतले दोन पंच घेतले तर दोघंही कुणाचे तरी चुलते-पुतणे निघतात आणि उलटतपासणीत त्याचा उपयोग केला जातो. शेजारच्या वाडीतले, शक्य तर सरकारी नोकरीतले किंवा शाळेतले पंच घ्या. पंचांना वस्तू दाखवत दाखवत काम करा. शेवटी सही घ्यायला बोलावलेला पंच कोर्टात टिकत नाही.

आणि पंचनाम्यात जे दिसतं तेच लिहा. लाल डाग दिसला की 'रक्त' लिहायचा मोह आवरा. या भागात लाल डाग पानाच्या पिंकेचा असतो, रातांब्याचा असतो, भिजलेल्या जांभ्या दगडाचा असतो. 'रक्तासारखा दिसणारा लालसर डाग' असं लिहा, ते रक्त आहे की नाही हे प्रयोगशाळा सांगेल. ल्युमिनॉलसारखी, रक्ताचा माग दाखवणारी रसायनं स्वतः फवारू नका. लोह, गंज, ब्लीच आणि काही वनस्पतींचे रस यांनाही ती प्रतिसाद देतात, आणि जांभ्यात लोह भरपूर आहे.

रक्ताचे नमुने

वाळलेला डाग फरशीवर, काचेवर किंवा भांड्यावर असेल आणि वस्तू उचलण्याजोगी असेल तर अख्खी वस्तू घ्या. नसेल तर निर्जंतुक कापसाच्या काडीवर ऊर्ध्वपातित पाण्याचे एक-दोन थेंब टाका, काडी डागावर हलक्या हाताने फिरवत सगळा रंग थोड्याच जागेत जमेल असं बघा, आणि ती सावलीत पूर्ण वाळू द्या. डागाशेजारच्या स्वच्छ जागेवरून दुसरी काडी तशीच फिरवून घ्या. हा तुलनेचा नमुना. तो नसेल तर डागात जे सापडलं ते डागाचं की फरशीचं हे सांगता येत नाही.

शेणाने सारवलेल्या जमिनीवरचा डाग पुसून घेऊ नका. सारवणाचा पापुद्राच सुरीच्या टोकाने सुटा करून कागदाच्या घडीत उचला. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीत रक्त छिद्रांत मुरतं, ते काडीने येत नाही. तो भाग खरवडून घ्यावा लागतो किंवा चिऱ्याचा तुकडाच काढावा लागतो. मातीत मुरलेलं असेल तर डागाची माती घ्या आणि हातभर अंतरावरची साधी मातीही वेगळी घ्या. प्रत्येक नमुन्यानंतर हातमोजे बदला. बोलायचं असेल तर नमुन्यापासून तोंड फिरवून बोला. पाकिटाचा गोंद जिभेने ओला करू नका, त्यात तुमचा डीएनए जातो.

ओले कपडे हा कोकणातला सगळ्यात अवघड मुद्देमाल. पावसात भिजलेला, रक्ताने माखलेला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घातला तर तो आतल्या आत कुजू लागतो. बुरशी आणि जिवाणू डीएनए खाऊन टाकतात, आणि प्रयोगशाळेतून 'निष्कर्ष काढता आला नाही' असा शेरा येतो. म्हणून शर्ट घडी न करता, डागावर डाग येणार नाही अशा बेताने, मध्ये कोरा कागद घालून कागदी पिशवीत ठाण्यावर आणा आणि त्याच दिवशी वाळत घाला. खोली बंद, कुलपाची. दोरी नवी. कपड्याखाली पांढरा कागद अंथरलेला, कारण वाळताना गळून पडणारे केस, वाळूचे कण आणि वाळलेल्या रक्ताचे पापुद्रे त्या कागदावर जमतात आणि तो कागदही घडी घालून मुद्देमालातच जातो. ऊन नको, हीटर नको. पंखा चालेल, पण कपड्यावर थेट झोत नको. जुलै-ऑगस्टमध्ये जाड जीन्स वाळायला दोन-तीन दिवस लागू शकतात. लागू द्या. शिवणी आणि खिसे हाताला दमट लागत असतील तर पाकीट बंद करू नका. किती दिवस वाळवलं, कुठल्या खोलीत, किल्ली कुणाकडे होती, हे डायरीत लिहा.

मयताचे आणि संशयिताचे कपडे एकाच खोलीत एकाच वेळी कधीही वाळत घालू नका. खोली एकच असेल तर एक संच वाळवून सीलबंद झाल्यावर, जमीन पुसून, दोरी बदलून दुसरा.

चिखलातली पावलं

लाल चिखलात बुटाचा ठसा फार सुंदर उठतो आणि एका सरीत जातो. घमेलं उचला, वर ताडपत्री धरायला दोघांना उभं करा, आणि आधी फोटो. स्केल ठशाच्या शेजारी, त्याच पातळीवर. टॉर्च एका बाजूने, जमिनीलगत आडवी धरून चारही दिशांनी फोटो घ्या, तळव्याची नक्षी सावल्यांमुळे उठून दिसते.

ठशात पाणी साचलेलं असेल तर सिरिंजने अलगद ओढून घ्या, कापडाने टिपू नका. भोवती पत्र्याची किंवा पुठ्ठ्याची पट्टी लावून कुंपण करा. प्लास्टर ऑफ पॅरिसपेक्षा डेंटल स्टोन चांगला, तो जास्त कठीण होतो आणि बारीक रेघ पकडतो. साधारण एक किलो पावडरीला साडेतीनशे मिलिलिटर पाणी धरा आणि घावण्याच्या पिठाइतकं सरसरीत होईपर्यंत कालवा. ते थेट ठशावर ओतलं तर नक्षी मोडते. ठशाच्या बाहेर, कुंपणाच्या आत, चमच्यावर धार धरून ओता म्हणजे मिश्रण आपोआप वाहत ठशात शिरेल. वरचा थर घट्ट होऊ लागला की काडीने त्यावर गुन्हा क्रमांक, तारीख आणि उत्तर दिशेची खूण कोरा. कोरड्या दिवशी अर्ध्या तासात साचा उचलता येतो, पावसात जास्त थांबा. खालची चिकटलेली माती तिथे धुऊ नका. साचा दोन दिवस वाळल्यावर ते काम तज्ज्ञ करतील, आणि ती मातीही तपासणीचा नमुना असते.

पुळणीच्या कोरड्या वाळूत ठसा नुसता मिश्रण ओतल्याने ढासळतो. आधी त्यावर जरा उंचावरून, झोत सरळ ठशावर न सोडता, हेअर स्प्रे मारून वाळू बांधून घ्यावी लागते.

माती-वाळूचे नमुने घ्यायला कंटाळू नका. रत्नागिरीच्या आसपास, मालगुंडसारख्या किनाऱ्यांवर वाळूत इल्मेनाइट हे काळं, जड खनिज आहे. पुढच्या खाडीपलीकडची वाळू निराळी असू शकते. सड्यावरची लाल माती निराळी, खाडीकाठच्या खाजणातला काळा चिखल निराळा. संशयिताच्या चपलेच्या खाचेत किंवा गाडीच्या पायपुसण्यात काळे चमकते कण सापडले आणि तो म्हणतो की मी किनाऱ्यावर गेलोच नाही, तर त्या चिमूटभर वाळूला फार मोल येतं. घटनास्थळाच्या चार बाजूंनी आणि संशयिताच्या घराजवळून असे वेगवेगळे नमुने वेगवेगळ्या पाकिटांत घ्या.

बोटांचे ठसे

बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात सुरू झालं, आणि अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात मोठा वाटा उचलला. हे आपल्या नव्या मुलांना माहीत असायला हवं. प्रत्यक्ष काम ठसे तज्ज्ञांवर सोडा. ओल्या भांड्यावर पावडर उडवली की तिच्या गुठळ्या होतात आणि ठसा कायमचा जातो. ओल्या पृष्ठभागासाठी तज्ज्ञांकडे वेगळं द्रावण असतं. बाटली, कळशी, कोयत्याची मूठ अशी वस्तू सहसा जिथे धरत नाहीत तिथे धरून उचला आणि खोक्यात दोऱ्याने अशी बांधा की तिचा पृष्ठभाग कशालाही घासणार नाही. चिऱ्यावर ठसा शोधण्यात वेळ घालवू नका. दाराच्या कडीकडे, लॅमिनेटच्या कपाटाकडे, फ्रीजकडे बघा.

पाण्यातलं प्रेत

यावर सविस्तर लिहायला हवं, कारण किनाऱ्यावरच्या ठाण्यात अकस्मात मृत्यूची अशी नोंद नेहमीची असते आणि नेहमीची म्हणूनच ती घाईने उरकली जाते.

प्रेत पाण्यात असेल तर ओढण्याआधी फोटो घ्या. वर काढताना गळ किंवा आकडा लावू नका, चादर किंवा जाळं खालून सरकवा. नव्याने झालेली जखम आणि तुमच्या आकड्याची जखम नंतर वेगळी काढताना डॉक्टरांना त्रास होतो. ओठ, कान, पापण्या कुरतडलेल्या दिसल्या तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ च्या मरणोत्तर पंचनाम्यात जसं दिसतं तसं वर्णन करा. ते मारहाणीचं की खेकड्या-माशांचं, हे ठरवणं डॉक्टरांचं काम. दोन्ही हातांना कागदी पिशव्या बांधा, मनगटाशी दोऱ्याने. नखांत अडकलेलं असेल ते त्यातच राहतं.

दोरी असेल तर गाठ सोडायची नाही. गाठीपासून लांब कापायची, कापलेली दोन्ही टोकं वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बांधून चिठ्ठी लावायची. जाळं विणणारा, होडी बांधणारा आणि गुरं बांधणारा माणूस गाठ एकसारखी मारत नाही. गाठीचा जवळून फोटो काढा आणि एखाद्या जाणत्या तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) तो फोटो दाखवा. अशी गाठ कुठल्या कामात मारतात हे तो सांगू शकेल. तपासाला यातून धागा मिळतो, तज्ज्ञाचं मत मात्र वेगळं घ्या.

बुडून मृत्यूचा संशय असेल तर पाण्याचा नमुना विसरू नका. पाण्यात डायटम नावाचे अतिसूक्ष्म शैवाल असतात. जिवंत माणूस बुडताना पाणी श्वासात घेतो तेव्हा ते फुप्फुसातून रक्तात आणि तिथून हाडांच्या मगजापर्यंत जाऊ शकतात. समुद्राचे डायटम निराळे, खाडीच्या मचूळ पाण्यातले निराळे, बावीतले (विहिरीतले) निराळे. खाडीत सापडलेल्या माणसाच्या मगजात गोड्या पाण्यातले डायटम निघाले तर तो बावीत किंवा पऱ्यात (ओढ्यात) बुडवला गेला असावा का, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून प्रेत मिळालं तिथलं साधारण लिटरभर पाणी स्वच्छ बाटलीत घ्या, आणि जिथे बुडाल्याचा संशय आहे तिथलंही घ्या. बाटली नळाच्या पाण्याने विसळू नका, नळाच्या पाण्यातही डायटम असतात. डॉक्टरांना डायटम तपासणीसाठी हाड राखायची विनंती लेखी द्या. तपासणीत डायटम मिळाले नाहीत म्हणून माणूस बुडाला नाही असं ठरत नाही, हेही ध्यानात असू द्या.

बाकीच्या वस्तू, थोडक्यात

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेती संरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका आहेत, ठासणीच्याही आहेत. ठासणीची बंदूक भरलेलीच आहे असं धरून चाला. नळीत पेन्सिल किंवा काडी घालून उचलू नका. नळीच्या तोंडाला स्वच्छ कापड बांधा. छर्रे, जळका कागद, चिंधीचा बार हे सगळं घ्या. संशयिताच्या हातांचे स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेले नमुने) त्याने हात धुण्याआधी, शक्यतो पहिल्या चार-सहा तासांत घ्या. डुकरासाठी लावलेला गावठी बॉम्ब दिसला तर कुणीही हात लावायचा नाही, बॉम्बशोधक पथकालाच बोलवा. समुद्रातून काढलेलं हत्यार पुसून वाळवलं की काही तासांत गंजतं. ज्या पाण्यात मिळालं त्याच पाण्यात बुडवून, झाकणाच्या बादलीतून प्रयोगशाळेत न्या.

किनाऱ्याला बेवारस पेटी, पुडकं किंवा बोट लागली तर उघडू नका. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ लागलेल्या बोटीत रायफली होत्या. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीच्या किनाऱ्यांवर चरसाची पाकिटं वाहून आली. लोकांना लांब करा, वरिष्ठांना आणि सीमाशुल्क विभागाला कळवा. अंमली पदार्थ असतील तर किनाऱ्यावर बसून नमुने काढायचे नाहीत. ते अंमली पदार्थांच्या (एनडीपीएस) कायद्याच्या कलम ५२अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर काढले जातात.

विषबाधेत बागेतल्या फवारणीच्या औषधाची बाटली, पेला, उलटीचा नमुना, उलटी लागलेलं कापड घ्या. व्हिसेरा (शवविच्छेदनात काढलेले अवयवांचे नमुने) डॉक्टर राखतात, साधारणपणे मिठाच्या संपृक्त द्रावणात. विषाच्या तपासणीच्या बरणीत फॉर्मेलिन गेलेलं नाही ना, हे ताब्यात घेतानाच विचारा.

जळीत प्रकरणात कागदाचा नियम उलटा. रॉकेल, पेट्रोल, डिझेल उडून जातं, म्हणून जळका अवशेष काचेच्या बाटलीत किंवा स्वच्छ पत्र्याच्या डब्यात घट्ट बंद करा. साधी प्लास्टिकची पिशवी वाफ धरून ठेवत नाही.

मोबाईल चालू असेल तर विमान मोडवर टाका, बंद असेल तर चालू करू नका. पाण्यात पडलेला मोबाईल चार्जिंगला लावू नका, लवकर तज्ज्ञाकडे द्या. जेट्टी, बर्फ कारखाना, रिसॉर्ट यांचं सीसीटीव्ही त्याच दिवशी मागा, कारण जुनं चित्रण पुसून त्यावर नवं होत राहतं. घड्याळ किती पुढे-मागे आहे ते टिपा. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र घ्या.

सील, नोंद, रवानगी

प्रत्येक वस्तू वेगळ्या पाकिटात. लेबलवर गुन्हा क्रमांक, कलम, वस्तूचं वर्णन, कुठून मिळाली, तारीख, वेळ, पंचांच्या आणि तुमच्या सह्या. लेबल आधी लिहा, मग पाकिटावर चिकटवा. ओल्या हाताने बॉलपेनची शाई पसरते, तेव्हा लेबलवर वरून पारदर्शक टेप लावा. लाखेचं सील पाकिटाच्या जोडावर, आणि त्याच सीलचा नमुना प्रयोगशाळेच्या पत्रावर.

मुद्देमाल कारकुनाकडे वस्तू देताना नोंदवहीत वेळ आणि सही त्याच क्षणी घ्या. त्यानंतर ती ज्याच्या ज्याच्या हातात गेली त्या प्रत्येकाची नोंद सलग असायला हवी. बचाव पक्षाचे वकील पहिल्यांदा याच कागदाला हात घालतात. शनिवारी जप्त केलेला शर्ट मंगळवारी वहीत चढला, तर मधल्या तीन दिवसांचं उत्तर साक्षीच्या पिंजऱ्यात तुम्हालाच द्यावं लागेल. मुद्देमालाची खोली गळकी असेल तर वरिष्ठांना लेखी कळवा आणि पाकिटं जमिनीवर न ठेवता मांडणीवर, भिंतीपासून हात अंतरावर ठेवा.

वाळलेले स्वॅब आणि कपडे साध्या तापमानाला, अंधाऱ्या कोरड्या जागी राहतात. ईडीटीए कुपीतलं (रक्त साकळू न देणारं रसायन असलेल्या कुपीतलं) रक्त मात्र ४ अंशांच्या आसपास, बर्फाच्या डब्यातून न्यायचं. ते गोठवू नका, आणि कुपी थेट बर्फात खुपसू नका. कोल्हापूरच्या किंवा कलिनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत निघण्याआधी ती विशिष्ट तपासणी तिथे होते का हे फोनवर विचारा. आंबा, करूळ, फोंडा किंवा आंबोली, कुठला घाट चालू आहे तेही त्याच वेळी बघा. दरडीमुळे रात्र वाटेत काढावी लागली तर मुद्देमाल जवळच्या ठाण्यात जमा करून तिथल्या डायरीची नोंद घ्या, लॉजवर नेऊ नका.

प्रयोगशाळेच्या पत्रात घटना चार ओळींत सांगा आणि प्रश्न नेमके विचारा. 'योग्य ती तपासणी व्हावी' या वाक्याने काही साधत नाही. 'वस्तू क्रमांक ३ वरील डाग मानवी रक्ताचे आहेत का? असल्यास त्यांचा डीएनए वस्तू क्रमांक ७ शी जुळतो का? वस्तू क्रमांक ९ मधील वाळू आणि वस्तू क्रमांक ११ मधील वाळू एकाच प्रकारची आहे का?' असं लिहा. पोच घेताना सील शाबूत असल्याचा शेरा त्यावर आहे ना हे तिथेच वाचा, आणि ठाण्यात परतल्यावर पोच त्याच दिवशी केस फाइलला लावा.